नाल्यात धुतलेलं पांढरं

"हुंग," वैनी म्हणाल्या.

मी धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून उभी होते. वैनींनी वरची चादर ओढली, घडी मोडली आणि माझ्या तोंडापुढं धरली.

"हुंग म्हणते ना. नाक नाही का तुला?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. पाहुण्या बायका सोफ्यावर बसलेल्या. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात मोबाईल. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी नाक पुढं केलं. तर वैनींनी ती चादर माझ्या तोंडावर दाबली. मांजरानं घाण केली की त्याचं नाक त्यात घासतात, तसं. त्यांच्या बांगड्या माझ्या गालाला रुतल्या.

एक बाई हसली. बाकीच्यांनी हसू आवरलं.

वास होता. खोटं कशाला सांगू? सोड्यात उकळून, नीळ घालून, उन्हात वाळवून, इस्त्री फिरवूनसुद्धा वास होता. पांढऱ्याच्या आत मुरलेला. संडासाचा वास.

"तुमच्या हातालाच घाण असते," वैनी म्हणाल्या. "पिढ्यान् पिढ्या लोकांचं मळकं धुऊन दुसरं काय होणार? उचल हे. आणि मागनं जा. पुढची फरशी आत्ताच पुसलीये."

"चुकलं, वैनी," मी म्हणाले.

होय, म्हणाले. चाळिशी ओलांडलेली बाई मी, दोन लेकरांची आई. शाळेत मार खाल्लेल्या पोरीसारखी म्हणाले. आणि मागच्या दारानं गेले.

बंगल्याच्या मागं ड्रेनेजचं चेंबर होतं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. वर कुणीतरी पाणी सोडलं असणार, ते खळाळत खाली आलं. मी थांबले. डोक्यावर गाठोडं, आणि नाकात तो वास.

तोच. चादरीतला.

मी चेंबरकडं बघितलं, मग बंगल्याकडं बघितलं. ह्या बंगल्यांनी खाली सोडलेला वास मी चादरीत बांधून वर आणून दिला होता. ह्यांना तो ओळखता आला नाही. ह्यांना वाटलं, माझा आहे.

आम्ही परीट. गावाचं नाव सांगत नाही. साताऱ्याकडून सांगलीकडं कृष्णेच्या काठानं निघालात तर मधे कुठंतरी आमचा घाट लागतो. माझं माहेर वडूजकडचं. तिकडं पाणी जपून वापरतात. माझा बाप विहिरीवर कपडे धुवायचा आणि धुण्याचं पाणीसुद्धा पाट काढून लिंबाच्या झाडाला सोडायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या, "पोरगी नदीला दिली. नशीब काढलं पोरीनं." मी पहिल्यांदा घाटावर उतरले तेव्हा पाण्यात पाय टाकायला लाजले होते. एवढं पाणी, आणि फुकट.

सासूला मी आत्ती म्हणते. आत्तीनं मला घाट शिकवला. कुठल्या दगडावर पांढरं, कुठल्या दगडावर रंगीत, भट्टीत किती सोडा. तेव्हा नदीत खाली बघितलं की वाळू दिसायची.

मग वरच्या अंगाला कॉलन्या झाल्या. बंगले, अपार्टमेंट. सगळ्यांचं मैलापाणी एका मोठ्या विहिरीत गोळा करायचं, तिथून पंपानं उचलायचं आणि गावाबाहेर नेऊन साफ करायचं, असं ठरलेलं. पंप बसले. फोटो निघाले. पण पंप कधी बंद पडायचे, कधी लाईट नसायची, कधी चालवणारा माणूसच नसायचा. विहीर भरली की मैलापाणी वरून वाहायचं, नाल्यात उतरायचं, आणि नाला आमच्या घाटाच्या डोक्यावर नदीला मिळतो.

पालिकेत त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. आम्ही "आलं" म्हणतो. घाटावरची पहिली बाई ओरडते, "आलं गं, आलं!" की सगळ्याजणी कपडे पाण्यातून वर ओढतात. काळं पाणी येतं. वर फेस. त्यात काय काय असतं ते लिहीत नाही. तुम्ही तुमच्या मोरीत काय सोडता ते आठवा. पाणी पुढं सरकेपर्यंत आम्ही दगडावर बसून राहतो. पूर्वी हे कधीमधी व्हायचं. आता रोज होतं. खालच्या गावांच्या नळाला हेच पाणी जातं.

चादरींची गोष्ट मी घरी येऊन आत्तीला सांगितली. आत्तीनं चादर नाकाला लावली, आणि खुदकन हसली.

"ह्यो तर कॉलनीचा वास," ती म्हणाली. "सोताच्या मोरीचा वास मानसाला कवा येत न्हाई बग."

मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून कॉलनीचे कपडे मी घाटावर नेले नाहीत. एका चुलत दिराच्या मळ्यात बोअर आहे. हातगाड्यावर कॅन लादून तिथून पाणी आणायचं, दारात धुवायचं. कंबर मोडायची. पण कपडे बगळ्यासारखे निघायचे. वैनींनी परत गाठोडी पाठवायला सुरुवात केली. एकदा घडी उलगडून बघितली आणि म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

मी मान डोलावली. त्याचा राग मला चादरीपेक्षा जास्त येतो.

वैनींचे मालक नगरसेवक. आम्ही त्यांना सायेब म्हणतो. हिवाळ्यात एक दिवस ते घाटावर आले. बरोबर आरोग्य खात्याची माणसं, मागं टेम्पोत एक बोर्ड. बोर्ड त्यांनी आमच्या दगडांच्या मधोमध रोवला. नदीत कपडे धुण्यास सक्त मनाई. नदी आपली माता आहे.

"तुमच्या साबणानं, सोड्यानं नदी खराब होते," सायेब म्हणाले. "वरून ऑर्डर आहे. घाट मोकळा करा."

त्या वेळी नाला वाहत होता. त्यांच्या पाठीमागं, दहा हातांवर. फेस उडत होता. मी बोट केलं.

"सायेब, आनी ह्ये?"

त्यांनी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. "ते टेक्निकल आहे. तुला कळायचं नाही."

आमची भट्टी पेटलेली होती. विटांच्या चुलीवर तांब्याचा हंडा, आज्जेसासऱ्याच्या वेळचा. त्यात सोड्याचं पाणी उकळत होतं आणि आत लोकांची धोतरं, टॉवेल. खात्यातल्या एकानं बांबू घातला आणि हंडा उलथा केला. उकळतं पाणी, कपडे, हंडा, सगळं घरंगळत नाल्याच्या तोंडाशी गेलं. चूल पायानं मोडली. सायेब मोबाईलवर बोलत उभे होते.

ते गेल्यावर आत्ती नाल्यात उतरली. "हंडा व्हावून जाईल गं," म्हणत. मी नको म्हणेपर्यंत गुडघाभर काळ्या पाण्यात गेली होती. हंडा घेऊनच वर आली. पायात काच घुसली होती. तिनं काच उपटून फेकली, पायाला चिंधी बांधली आणि हंडा घासायला बसली.

पाय सुजला. मग काळा पडला. सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. पाय बघून तिनं विचारलं, "कशात गेला होता हा पाय?"

"नदीत," आत्ती म्हणाली.

"नदीत असं होत नाही, आज्जी."

"आता व्हतंय, बाळा."

अंगठा सोडून सगळी बोटं काढली. घाटावर पाण्यात उभं राहून धुणारी बाई ती. बोटांनी दगड धरून उभं राहायचं असतं. शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं, "हंडा कुटं ठेवलाईस?" मी बाहेर व्हरांड्यात आले. भिंतीला डोकं लावलं. रडू आलं नाही. मला सायेबांचा गळा हातात हवा होता. खरं सांगते. ओल्या धोतरासारखा पिळायला.

घाटावर बंदी होती तरी आम्ही धूतच होतो, आडून, घाबरत. दुसरं करणार काय? पाडव्यानंतर बातमी आली. आमच्याच घाटावर कृष्णामाईची महाआरती होणार. मांडव पडणार, मोठे लोक येणार. ज्या दगडावर आत्ती धुवायची तो दगड मशीननं उचलून बाजूला टाकला, कारण तिथं स्टेज.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दारात गाडी थांबली. ड्रायव्हरनं भलीमोठी दोन बोचकी उतरवली. धोतरं, उपरणी, गाद्यांच्या आणि लोडांच्या खोळी. सगळं पांढरं. वैनींनी काच खाली केली. आत्ती उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती, पट्टी बांधलेला. वैनींनी बघितलं. विचारलं नाही.

"देवाच्या कामाचे कपडे आहेत," त्या म्हणाल्या. "पांढरेशुभ्र पाहिजेत. आणि घाटावर धुवायचे नाहीत हं. बंदी आहे, माहितीये ना?"

"मग कुटं धुवू, वैनी?"

"ते तुझं तू बघ."

काच वर गेली.

मी बोचक्यांकडं बघत बसले. माझ्या आत काहीतरी एकदम थंड झालं. राग तापलेला असतो तोवर माणूस काही करत नाही. तो निवला की हात चालायला लागतात.

"आत्ती," मी म्हणाले, "ही मी नदीत धुनार."

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं.

"द्येवाचं काम हाय म्हनत्यात."

"व्हय. म्हनून तर."

तिनं पट्टीचा पाय जवळ ओढला. म्हणाली, "गाद्यांवर द्येव कुटं बसतोय? बसनार त्येच. जा."

सकाळी मी बोचकी घेऊन घाटावर गेले. धुवायला बसले नाही. वाट बघत बसले. शेजारची शेवंता, माझ्या वयाची, तिनंही आडोशाला धुणं काढलं होतं. बऱ्याच वेळानं तीच ओरडली, "आलं गं, आलं!" बायकांनी भराभर कपडे वर ओढले. मी उठले आणि एकेक धोतर, एकेक खोळ नाल्याच्या तोंडाशी सोडली. पायानं दाबली. बुडबुडे निघाले.

"अगं येडे, काढ की!" शेवंता किंचाळली. "आलंय!"

"आलंय म्हनूनच टाकल्यात."

पांढरं काळं होईपर्यंत मी थांबले. मग घरी आणून तसंच ओलं पिळून पत्र्याच्या खोलीत झाकून ठेवलं. दिवसभर ऊन. खोलीत पाय टाकवेना. दुसऱ्या दिवशी वरचा डाग तेवढा काढला, नीळ मोप घातली, अर्धवट वाळवलं आणि कडक इस्त्री मारली. घडीत कापूर ठेवला. हे आमच्या धंद्यातलं आहे, कुणी शिकवत नाही. तापल्या इस्त्रीखाली वास झोपतो. मरत नाही. माणसाचा घाम लागला की उठतो.

वैनींनी घडी हातात घेतली, कापराचा वास घेतला, म्हणाल्या, "छान."

आरती संध्याकाळची होती. वैशाखाचा उकाडा, वारा पडलेला, स्टेजवर मोठमोठे दिवे. मी मांडवाच्या कडेला बायकांत उभी होते. सायेब, दोन आमदारकीचे इच्छुक, एक महाराज, पालिकेतले अधिकारी, सगळे धोतर-उपरण्यात. वैनी पुढच्या गादीवर, लोडाला टेकून. भाषणं सुरू झाली. कृष्णामाई आमची जीवनदायिनी. कृष्णामाईचं पावित्र्य.

पहिल्यांदा महाराजांनी उपरणं नाकाजवळून बाजूला केलं. मग अधिकाऱ्यानं शेजाऱ्याच्या पायाकडं बघितलं. शेजाऱ्यानं स्वतःचा तळपाय उलटा करून बघितला. चपला तर स्टेजखाली काढलेल्या होत्या. घाम गळत होता. जेवढा घाम पुसावा तेवढा वास. एकजण उठून दुसरीकडं बसला आणि वास त्याच्याबरोबर गेला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी रुमाल काढले. वैनी लोडापासून पुढं सरकल्या, मागं सरकल्या, पदर नाकाला लावला. गादी सगळीकडं तीच.

मला जे झालं त्याला सुख म्हणतात. लपवत नाही.

सायेब माईकवर होते. मधेच थांबले. उपरण्याचं टोक धरून त्यांनी हुंगलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कपडे कुणी धुतलेत?"

वैनींनी मला गर्दीत हेरलं. "ती बघा. ए, इकडं ये."

मी गेले. पळाले नाही. स्टेजच्या पायऱ्या चढले. वैनींनी खोळीची कड उचकटून माझ्या तोंडापुढं आणली.

"कशात धुतलंस हे? हुंग! हुंग बघू!"

"न्हाई," मी म्हणाले.

माईक चालू होता की नव्हता, आठवत नाही. माझा आवाज मला लांबनं आल्यासारखा वाटला.

"मी रोज हुंगते, वैनी. आज तुमी हुंगा. नाल्यात धुतल्यात. वास माजा न्हाई, तुमच्या मोरीचा हाय. वर तुमी सोडता, खाली आमी त्यात उबं ऱ्हातो. आमच्या आत्तीची बोटं गेली त्यात. बसा आता त्याच्यावर. आरती करा."

कुणीतरी मला ढकललं. मी पायऱ्यांवरून खाली आले, कोपर फुटलं. मागं गर्दीत कुणी शिट्टी मारली, कुणी शिव्या दिल्या. आरती झाली नाही. सगळे भराभर गाड्यांत बसले. एसीच्या गाड्या, तरी सगळ्यांच्या काचा खाली होत्या.

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. मला चौकीत नेलं. भावना दुखावल्या, कट केला, असं बरंच बोलले. हवालदार वयस्कर होता. त्यानं विचारलं, "बाई, धुतलं कशात?"

"नदीत."

त्यानं पेन खाली ठेवलं. नदीच्या पाण्यानं कपडे नासले असं लिहायचं तर नदी घाण आहे हे लिहावं लागलं असतं. शेवटी बंदी असताना घाटावर धुतलं, एवढंच लिहिलं.

कॉलनीची गिऱ्हाइकं एकजात तुटली. घाटाला तारेचं कुंपण घातलं. बाकीचे परीट माझ्यावर खवळले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझ्यापायी त्यांचंही धुणं बंद पडलं. शेवंता महिनाभर माझ्याशी बोलली नाही. माझे मालक तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला असतात. ते धावत आले. म्हणाले, "माफी माग आन मोकळी हो. आपन पान्यात ऱ्हातो."

"पानी कुटं ऱ्हायलंय?" मी म्हणाले.

मग सायेबांचा माणूस आला. बाजाराजवळ शेड देतो म्हणाला, धुण्याचं मशीनही देतो. फक्त मोबाईलपुढं एवढंच म्हणायचं, की साबण खराब निघाला, माझी चूक झाली.

मी पदर नीट घेतला. "लावा मोबाईल. वास कुनाचा हाय त्ये परत सांगते."

त्यानं मोबाईल खिशात घातला.

नाला अजून वाहतो. कुंपण घाटाला घातलं, नाल्याला नाही. मी आता जाऊबाईकडं माधवनगरला येऊन-जाऊन धुण्याचं काम करते. आत्ती काठी घेऊन चालते. शेवंता एका दुपारी दारात आली. आत आली नाही, उभ्यानंच म्हणाली, "इस्त्रीखाली वास कसा झोपवायचा, मला पन दाव."

मी दाखवलं.

परटांची सोयरीक बहुतेक नदीच्या काठानंच असते. वर साताऱ्यापर्यंत आमच्या नणंदा, भावजया, मावश्या. खाली सांगलीपर्यंत. एकीला दाखवलं की दुसरीला कळतं. आता निवडणुका आहेत. गावोगावचं पांढरं कुणाच्या तरी दारात गाठोडं होऊन येतंय. सदरे, धोतरं, स्टेजच्या खोळी. कुठलं कुणाचं ते आम्ही बरोबर ओळखतो. गरिबाच्या कपड्याला आम्ही बोअरचं पाणी लावतो, पाठीवर वाहून आणलेलं. तुमच्या कपड्याला नाही.

मोर्चा काढणार नाही. निवेदनं देऊन झाली. जोवर तुमचं मैलापाणी आमच्या नदीत उतरतंय तोवर आम्ही फक्त धुणार आहोत. तुमचं पांढरं, तुमच्याच पाण्यात.